पुंडलिक तांडेलाचं न सांगायचं दुखणं

पुंडलिक तामोरे किनाऱ्यावरच्या दांडी गावचे तांडेल होते. होडीवर तांडेलाचा शब्द शेवटचा. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, वारा फिरला तर शीड कधी उतरवायचं, हे तांडेल सांगतो आणि खलाशी ऐकतात. पुंडलिक तांडेल तीस वर्षं सांगत आले होते. दोन मोठी वादळं त्यांनी उभ्यानं काढली होती. १९६७च्या माघात मात्र त्यांना बसता येईना.

सुरुवातीला त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. होडीवर ते उभेच राहायला लागले. खलाशांना वाटलं, तात्यांचं लक्ष आता जास्तच बारीक झालंय. घरी जेवायलाही ते उभे राहायला लागले तेव्हा त्यांच्या बायकोनं, काशीबाईनं, एकदा विचारलं, "आवो, पाट देऊ का?"

"नको. उब्यानं अन्न चांगलं उतरतं," तांडेल म्हणाले.

काशीबाईनं ताट उचलून त्यांच्या हातात दिलं. पंधरा दिवसांनी रक्त दिसलं. तेव्हा मात्र तांडेल घाबरले. "पोटात जरा काय तरी हाय," एवढंच सांगून त्यांनी एसटी पकडली आणि बोईसरवरून पालघरला आले. सगळा रस्ता दांडा धरून उभे. कंडक्टरनं दोनदा रिकामी सीट दाखवली, तर त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही.

पालघरला स्टेशनच्या मागे डॉक्टर कमलाकांत सावे यांचं आठ खाटांचं हॉस्पिटल होतं. डॉक्टरांचा हात हलका होता. जीभ त्याहून हलकी. दुपारी कुणाचं पोट उघडलं की संध्याकाळी स्टेशनवरच्या चहाच्या दुकानात ते पोट पुन्हा एकदा उघडलं जायचं. त्यात वाईट हेतू काही नसायचा. डॉक्टरांना आपले पेशंट आवडायचे आणि गोष्टी सांगायलाही आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी केळव्याच्या आनंदी राऊत तिथे सिस्टर म्हणून आल्या. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात शिकलेल्या, वयानं तिशीच्या, आणि आवाज असा की कुजबुजल्या तरी सरळ उभं राहावंसं वाटे. पहिल्याच आठवड्यात त्या डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, काल तुम्ही स्टेशनवर पोस्टमास्तरांच्या मुतखड्याबद्दल बोललात."

"काय निघाला होता खडा! सुपारीएवढा!"

"तो पोस्टमास्तरांचा होता."

"पण काढला मी ना?"

"काढला तुम्ही. होता त्यांचा."

डॉक्टरांनी यावर पूर्ण एक दिवस विचार केला आणि दुसऱ्या दिवशी कबूल केलं की हे बरोबर आहे. तेव्हापासून ते फार प्रयत्न करत. चहाच्या दुकानात जाताना तोंडात लवंग धरत.

तपासून झाल्यावर डॉक्टर तांडेलांना म्हणाले, "मूळव्याध आहे. वाढलीय. कापून काढू. सिस्टर, सही घ्या." आणि हात धुवायला गेले.

आनंदीबाई संमतीचा कागद घेऊन आल्या. पण कागद पुढे न करता स्टूल ओढून बसल्या. तांडेल अर्थातच उभे होते.

"तात्या, सही करण्याआधी मी सांगते ते ऐका. डॉक्टर काय करणार आहेत, कुठे करणार आहेत, किती दिवस दुखेल, आणि काय बिघडू शकतं. तुम्ही काहीही विचारा. नको वाटलं तर नाही म्हणा. तरी औषध मिळेल."

"नाय म्हनता येतं?" तांडेलांनी चकित होऊन विचारलं.

"येतं."

तांडेलांनी सगळं ऐकलं. भुलीची सुई पाठीत देणार हे ऐकून चार प्रश्न विचारले. मग बोटानं कागदाचा कोपरा चोळत म्हणाले, "सही करतो. पन एक अट. ह्ये कुनाला कळता नये."

"माझ्याकडून कळणार नाही. तुमच्या बायकोला तरी सांगू ना?"

"तिला तर मुळीच नाय."

"एवढं काय त्यात, तात्या? दुखणंच आहे."

तांडेलांनी दार लोटलं. "सिस्टर, आमच्या गावात एक राघो तांडेल होता. मोठा दर्यावर्दी. एकदा त्याला बसायच्या जागी गळू झालं. आठ दिवसांत गेलं. पन लोक मरेपर्यंत त्याला गळव्या तांडेल म्हनले. त्याच्या होडीला गळव्याची होडी म्हनले. नातवंडं शाळेत गेली तर मास्तर विचारतो, तू गळव्यांचा काय रे? आता मी ह्या दुखन्याचं काय नाव लावून घेऊ?"

आनंदीबाईंना हसू आलं होतं. ते त्यांनी गिळलं, कारण तांडेलांच्या डोळ्यांत खरी भीती होती. "तुमची गोष्ट तुमचीच," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तेव्हाच बाहेर जाईल."

ऑपरेशन चांगलं झालं. आनंदीबाईंनी आधी नाव, गाव विचारून घेतलं, नंतर कापसाचे बोळे दोनदा मोजले, आणि "अहो, या खाटेवर दुसरं कोण असणार?" म्हणणाऱ्या डॉक्टरांना सगळं पूर्ण होईपर्यंत थांबवून ठेवलं. तिसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. बसायला हवा भरलेलं रबरी कडं, आणि सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बैठक. पाण्यात परमँगनेटची चिमूट टाकली की पाणी जांभळं व्हायचं. हॉस्पिटलची आया झुंबर तो जस्ताचा टब दोन्ही हातांनी धरून खोलीत न्यायची आणि पडदा ओढून घ्यायची.

चौथ्या दिवशी दांडीहून तांडेलांचा खलाशी दामू भेटायला आला. हातात सुक्या बोंबलांची पुडी. माणूस चांगला, पण कुठल्याही गोष्टीचा शेवट आधी सांगून मग सुरुवात शोधणारा. दारातच त्याला आनंदीबाई भेटल्या.

"सिस्टर, आमच्या तात्याला काय झालंय?"

"ते मी सांगू शकत नाही."

दामूचा चेहरा उतरला. "म्हंजे मोटा रोग हाय?"

"तेही सांगू शकत नाही."

"मग बारका हाय?"

"तेही नाही."

"बारकाबी नाय!" दामू भिंतीला टेकला. "जगनार तरी काय?"

"जगतील हो! चांगले जगतील!" आनंदीबाई घाईनं म्हणाल्या. पण दामूच्या अनुभवात असं घाईनं फक्त मरणाऱ्या माणसाबद्दल बोलतात.

तेवढ्यात झुंबर जांभळ्या पाण्याचा टब घेऊन खोलीतून बाहेर आली. दामूनं टबात पाहिलं. मग पडद्याच्या फटीतून आत पाहिलं. तात्या रबराच्या कड्यावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर, आणि चेहरा समाधी लागल्यासारखा. खरं तर फक्त ठणकत होतं.

दामू बोंबील तिथेच ठेवून निघाला. बोईसर येईपर्यंत त्याला सगळं उमगलं होतं. तारापूरला अणूचा कारखाना बांधत होते. महिनाभरापूर्वी तात्यांनी होडी त्या बांधकामासमोरून नेली होती. तिथे जाळं अडकलं, तेव्हा तात्या कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते. कमरेएवढ्याच! म्हणजे अणू खालच्या बाजूनं शिरला. टबात बसवून तो पाण्यात उतरवतात, म्हणून पाणी जांभळं होतं. आणि रबरावर का बसवलंय? विजेचं काम करणारे पायात रबर घालतात ना, तसंच. नाहीतर तो खाटेतून जमिनीत जाईल आणि सगळं पालघर धरेल.

हेच जांभळं औषध दर वर्षी दांडीच्या विहिरीतही टाकतात आणि ती विहीर आपणच दोरी धरून ढवळतो, हे दामूच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भेटायला सतरा माणसं आली. सगळी खाटेपासून लांब, भिंतीला चिकटून उभी राहिली. कुणी काही विचारलं नाही. नुसते हात जोडले. एका म्हातारीनं खाटेसमोर नारळ ठेवला. तांडेलांनी तो डोक्याला लावून परत दिला, तर ती घेईना.

आनंदीबाईंना दोन दिवसांनी झुंबरकडून कळलं. "बाय, तो टब मी आता नाय उचलनार," झुंबर म्हणाली. "बाजारात लोक सांगत्यात त्यात अणू हाय."

"अगं, ती पूड तूच तर टाकतेस!"

"मी टाकते तवा पूड असते. मंग त्ये बसल्यावर काय होतं, कुनाला ठाव?"

आनंदीबाईंनी स्वतः टब उचलला.

डॉक्टर तर आधीच कासावीस झाले होते. चहाच्या दुकानात लोक त्यांनाच विचारत होते की सावेसाहेब, अणूचं ऑपरेशन कसं करतात? लवंग चावून चावून त्यांची जीभ बधिर झाली होती. "आनंदीबाई," ते म्हणाले, "सोपा उपाय आहे. अपेंडिक्स होतं म्हणून सांगून टाकू. कुणाचंही होतं. अब्रूदार आजार आहे."

"नाही, डॉक्टर. न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं."

"कुणाचं काय बिघडतंय त्यानं?"

"मुंबईला असताना एका बाईचं दुसरंच ऑपरेशन झालं होतं, तर घरी असंच सांगितलं. अपेंडिक्स काढलं म्हणून. दोन वर्षांनी तिचं खरोखर अपेंडिक्स दुखायला लागलं. नवरा गावच्या डॉक्टरांना छातीठोकपणे सांगतोय, ते तर कधीच काढलं! चार दिवस नुसतं पोटदुखीचं औषध दिलं. आमच्याकडे आणली तेव्हा आत फुटलेलं होतं. वाचली, पण कशीबशी."

डॉक्टरांनी नवी लवंग काढली.

पण गोष्ट चेष्टेपुरती राहिली नाही. बोईसरच्या बाजारात दांडीच्या कोळणींच्या भरलेल्या पाट्या दुपारपर्यंत तशाच राहायला लागल्या. लोक मासा उचलून आधी उन्हात धरून बघत, जांभळा दिसतो का ते. बांधकामावरचे मजूर कामाला जाईनात. त्यांतले पन्नासएक जण थेट बोईसर स्टेशनवर बोचकी घेऊन बसले. आणि तांडेलांच्या मुलीचं, हंसाचं, लग्न ज्यांच्या घरी ठरलं होतं, त्या सातपाटीच्या बळवंत मेहेरांनी निरोप पाठवला की रविवारी आम्ही स्वतः येऊन बघू आणि मग काय ते ठरवू.

त्या दुपारी आनंदीबाई सुया उकळत बराच वेळ उभ्या होत्या. त्रास आपल्याला होता तोवर नियम पाळणं सोपं होतं. पण पाटी डोक्यावर तशीच घेऊन परत जाणाऱ्या बायकांनी काय केलं होतं? एक शब्द सांगितला की सगळं मिटणार होतं. आणि तो शब्द त्यांचा नव्हता. शेवटी त्या तांडेलांच्या खोलीत गेल्या.

"तात्या, तुमचं गुपित मी फोडणार नाही. पण बाहेर काय चाललंय ते तुम्हाला माहीत हवं." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

तांडेलांना त्यातलं बरंचसं माहीत होतं. खरं म्हणजे त्यांना ते आवडायला लागलं होतं. "अणूनं धरलं म्हनतात ना? म्हनू दे," ते कड्यावर जरा सावरून बसत म्हणाले. "सिस्टर, अणूनं धरलेला तांडेल आजवर झाला नाय."

"आणि बाजारातल्या पाट्या? हंसाचं लग्न?"

तांडेलांचा चेहरा पडला. "सिस्टर, वादळात काय करायचं ते माला कळतं," ते म्हणाले. "ह्यात नाय कळत."

रविवारी सकाळी हॉस्पिटलच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दांडीची माणसं होती, सातपाटीची होती, पालघरचे बघे होते. काशीबाई ओसरीच्या पायरीवर बसली होती. बळवंत मेहेर लांब बाह्यांचा पांढरा शर्ट घालून, चार भाऊबंदांना घेऊन आले होते. आणि नेमक्या त्याच वेळी बांधकामावरून सुरक्षा निरीक्षक रामकिसन जीप घेऊन आले. पन्नाशीचे, घामाघूम, मजुरांना समजावून समजावून घसा बसलेला. हातात एक पेटी होती.

"डॉक्टरसाहब, वहाँ अभी सीमेंट है, लोहा है और मच्छर हैं। अणू-विणू कुछ आया ही नहीं!" ते कळवळून म्हणाले. "इस आदमी को क्या बीमारी है, कागज दिखा दीजिए। मैं मजदूरों को पढ़के सुनाता हूँ।"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. इतके दिवस अडवून ठेवलेली गोष्ट सांगायची सोय आपोआप झाली होती. त्यांनी केसपेपरचा गठ्ठा उचलला. आनंदीबाईंनी त्यावर तळहात ठेवला.

"डॉक्टर, तात्यांना विचारल्याशिवाय नाही."

"हॉस्पिटल माझं आहे, आनंदीबाई!"

"हो. पण मूळ..." आनंदीबाई दचकून थांबल्या. अंगण कान देऊन ऐकत होतं. "मूळ मुद्दा असा, की आजार त्यांचा आहे."

डॉक्टरांनी गठ्ठा सोडला. रामकिसन यांनी कपाळ पुसलं आणि पेटी उघडली. पुढे कधी लागेल म्हणून आलेलं ते किरणं मोजायचं यंत्र होतं. "तो फिर मशीन लगाते हैं। पूरा गाँव देख ले।"

"तेही तात्यांना विचारूनच," आनंदीबाई म्हणाल्या. यंत्र काय करतं ते त्यांनी स्वतः आधी रामकिसन यांच्याकडून समजून घेतलं, मग आत जाऊन तांडेलांना सांगितलं. दुखत नाही, अंगाला लागत नाही, नुसतं टिकटिक करतं. नको असेल तर नाही म्हणा.

तांडेलांनी विचार केला. "करू दे. पन वरून खाली, अन् पुढनंच. मागनं नाय."

तांडेल ओसरीवर आले. रबरी कडं खुर्चीत ठेवलं गेलं आणि ते सावकाश त्यावर टेकले. रामकिसन यांनी यंत्राची नळी त्यांच्या कपाळासमोर धरली. अंगण श्वास रोखून उभं. टिक. बऱ्याच वेळानं पुन्हा टिक. छाती, पोट, गुडघे. टिक... टिक.

"कुछ नहीं है," रामकिसन म्हणाले. "इतना तो पत्थर में भी होता है।"

अंगणात निराशा पसरली. एवढ्या लांबून आलेल्या लोकांना हे पटण्यासारखं नव्हतं.

"मागनं बगा!" दामू ओरडला. "मागनं शिरलाय तो!"

"दाम्या, तोंड बंद!" तांडेल गरजले आणि कडं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

बळवंत मेहेर पुढे झाले. "साहेब, आमच्या मुलाची सोयरीक हाय. नीट बगा." असं म्हणत त्यांनी यंत्राची नळी स्वतःच्या हातानं तांडेलांच्या पाठीमागे वळवायला घेतली.

यंत्र तडतडलं. कढईत मोहरी पडावी तसं.

अंगण रिकामं झालं. माणसं फाटकातून, कुंपणावरून, गटार ओलांडून गेली. बळवंतरावांचा एक भाऊ चिंचेवर चढला. दामू जीपखाली शिरला. रामकिसन यांनी नळी तांडेलांपासून बाजूला केली, तडतड थांबली. बळवंतरावांच्या हाताजवळ नेली, पुन्हा तडतड.

"इनके हाथ में है," रामकिसन आश्चर्यानं म्हणाले.

"बळवंतला लागला!" फाटकाबाहेरून कुणीतरी ओरडलं. "तात्यातनं निगाला अन् बळवंतात शिरला!"

बळवंतराव पांढरेफटक पडले. डावा हात त्यांनी अंगापासून दूर, आडवा धरला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "डॉक्टर," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "कापून टाका."

"कशासाठी कापू? हात चांगला आहे!"

"बाही ऊपर कीजिए," रामकिसन म्हणाले. शर्टाची लांब बाही वर सरकवली तर मनगटावर मोठं परदेशी घड्याळ. मुंबईच्या बंदरात एका खलाशाकडून घेतलेलं. रामकिसन यांनी कपाळावर हात मारला. "रेडियम! अंधेरे में काँटे चमकते हैं ना? वही बोल रहा है। घड़ी है, भाई, घड़ी!"

बळवंतरावांनी घड्याळ काढून पायरीवर ठेवलं. रामकिसन यांनी त्यांच्या मनगटाजवळ नळी धरली, यंत्र गप्प. घड्याळाजवळ धरली, तडतड. ते तीनदा करून दाखवलं. पण बघायला होतं कोण? फाटकाबाहेर वेगळीच चर्चा चालली होती. बळवंतला एसटीत घ्यायचं का नाही? घेतलं तर कुठे बसवायचं? तेवढं मोठं रबर कुठे मिळेल? कुणी तरी म्हणालं, चालत जाऊ दे सातपाटीला, पण किनाऱ्यानं नको.

बळवंतराव अंगणाच्या मध्ये एकटे उभे होते. आपल्यात काही नाही हे त्यांना कळलं होतं. पण हात मात्र तसाच आडवा राहिला होता. त्यांनी पाणी मागितलं. कुणी पुढे येईना. शेवटी आनंदीबाईंनी पेला नेऊन दिला.

हे सगळं पुंडलिक तांडेल कड्यावरून बघत होते. माणूस पाण्यात पडला की तांडेल होडी वळवतो. मग तो कुठल्या गावचा, भांडलेला का सोयरा, हे विचारत नाहीत. तांडेल उठले.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "तुमीच सांगा ना. माज्यावतीनं."

"मी सांगितलं तर लोक म्हणतील, सिस्टरनं फोडलं. तुमच्या तोंडून निघालं तर ते तुमचंच राहील. पण मी बाजूला उभी राहते. नाही सांगितलंत तरी उभी राहीन."

तांडेलांनी ओसरीचा खांब धरला, छाती भरून घेतली, आणि वादळात शीड उतरवायला सांगतात त्या आवाजात म्हणाले, "ऐका रे! अणू नाय, बिणू नाय! माला मूळव्याध झालीवती! डॉक्टरनं कापली! त्या टबात मी बुडाला शेक घेतो, अन् ह्या कड्यावर दुखतं म्हनून बसतो! आता कुनाला हसायचं ते हसा!"

आवाज स्टेशनपर्यंत गेला असावा, कारण प्लॅटफॉर्मवरचे दोन हमाल उठून बघायला आले.

कुणी हसलं नाही. जीपखालून दामूचं डोकं बाहेर आलं. आणि पायरीवरून काशीबाई शांतपणे म्हणाली, "एवढंच ना? माला ठावं होतं."

तांडेल वळले. "तुला कसं ठावं?"

"आवो, तीस वर्सं तुमची कापडं कोन धुतं? दर्या?"

"मग बोलली का नायस?"

"तुमी सांगत नव्हता, म्हनून. तुमाला सांगायचं नसंल तर नसंल. माजं काय अडलंवतं?"

आनंदीबाईंनी काशीबाईंकडे पाहिलं. मुंबईत साडेतीन वर्षं शिकून त्यांना जे कळलं होतं, ते ही बाई पायरीवर बसून सांगत होती.

आता बळवंतरावांचा आडवा हात खाली आला. ते ओसरीपाशी आले, इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तांडेल, कापल्यावर खरंच बरं वाटतं काय?"

"झकास," तांडेल म्हणाले. "का?"

"नाय... सहज." बळवंतराव डॉक्टरांकडे न बघता सिस्टरांकडे वळले. "बाय, जरा आत येऊ का? दोन मिनिटं."

हळूहळू माणसं अंगणात परत आली. रामकिसन यांनी पायरीवर उभं राहून घड्याळाचा प्रयोग पुन्हा करून दाखवला, या वेळी दीडशे लोकांना. दुपारनंतर बोईसर स्टेशनवरची बोचकी उचलली गेली. आठ दिवसांत मासे पूर्वीसारखे विकले जायला लागले. हंसाचं ठरलेलं लग्नही कायम राहिलं.

पण त्या दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलात जे झालं ते डॉक्टर साव्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एकेक करून माणसं येत होती. तगडे खलाशी, एक शाळामास्तर, एक हमाल, बळवंतरावांचा चिंचेवरून उतरलेला भाऊ. प्रत्येकाचं "पोटाचं" काहीतरी होतं, आणि बाकावर बसायला कुणीच तयार नव्हतं. आनंदीबाईंनी एकेकाला आत घेऊन दार लावलं, स्टूल ओढलं आणि सगळ्यांचं ऐकून घेतलं. जीपमध्ये बसून निघालेले रामकिसन फाटकापाशी थांबले, ड्रायव्हरला म्हणाले, "दो मिनट रुको," आणि तेही उतरले.

अकराव्या दिवशी तांडेलांना घरी सोडलं. आनंदीबाईंनी एकेक गोष्ट सांगितली. पाणी भरपूर प्या, भाजी खा, ओझं उचलू नका, जोर करू नका, रक्त दिसलं तर लगेच या. तांडेलांनी ती त्यांच्यासमोर म्हणून दाखवली, कारण त्या तसं म्हणवून घेतल्याशिवाय कुणाला सोडत नसत.

"अन् बोंबील?" तांडेलांनी विचारलं.

"चालतील. तिखट कमी."

"तिखट कमी मग बोंबील कशाला?" तांडेल म्हणाले, पण काशीबाईकडे बघून त्यांनी मान हलवली. "बरं. कमी."

डॉक्टर दारापर्यंत सोडायला आले. स्टँडवर एसटी सुटायची वेळ झाली होती. खिडकीपाशी बसलेली हंसा आईला जागा करून देत होती. त्याच कंडक्टरनं तांडेलांना पाहिलं आणि घाबरत घाबरत पुढची सीट दाखवली. तांडेलांनी ती हातानं चाचपून पाहिली, थोडा विचार केला, आणि बसले.